रमाबाईंच्या बायबल भाषांतरासाठी यूएसएफएम की ओसिस?

प्रश्न (कोथरूड): पंडिता रमाबाईंचे १९२४ साली प्रसिद्ध झालेले भाषांतर आम्ही चौघे जण टंकित करत आहोत. वचनांचे क्रमांक सध्या हाताने ठळक केले आहेत. पुढे त्यातून मोबाइल अॅप आणि छापील प्रत दोन्ही काढायची असतील, तर यूएसएफएम (बायबलचा मजकूर साध्या खुणांनी टंकायची पद्धत) आणि ओसिस (त्याच कामाची एक्सएमएलवर आधारलेली पद्धत) यांपैकी कोणती खुणापद्धती निवडावी?

उत्तर (कॅम्प): टंकनासाठी निःशंकपणे यूएसएफएम घ्यावी. उलट्या तिरक्या रेघेपुढे सी लिहिले की अध्याय, व्ही लिहिले की वचन, पी लिहिले की परिच्छेद. एवढे कोणीही तासाभरात शिकतो. पॅराटेक्स्ट या बायबल-भाषांतराच्या संगणक प्रणालीतही हीच पद्धत चालते.

उत्तर (औंध): वरील मताशी सहमत आहे, तरी ओसिस का अवघड जाते तेही समजून घ्यावे. ओसिस ज्या एक्सएमएल या खुणाभाषेत लिहितात, तिच्यात खुणा एकमेकींत नीट बसाव्या लागतात, पण वचन पुष्कळदा एका परिच्छेदात सुरू होऊन पुढच्यात संपते. म्हणून तिथे वचनाच्या आरंभाला आणि शेवटाला स्वतंत्र, रिकाम्या खुणा ठेवून त्या एकाच ओळखचिन्हाने जोडतात. मी एका पुस्तिकेत हे हाताने करून पाहिले आणि शेवटची एक खूण राहिल्यामुळे पूर्ण संध्याकाळ घालवली. हे काम यंत्राचे, माणसाचे नव्हे. स्वोर्ड या बायबल-वाचनाच्या प्रणालीवरील अॅपसाठी ओसिस लागलेच, तर यूएसएफएमवरून रूपांतर करून घेता येते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. स्तोत्रांच्या ओळींचे काय करावे?

उत्तर (कॅम्प): साध्या ओळीला क्यू१ ही खूण, आणि आत सरकलेल्या ओळीला क्यू२. मोकळ्या जागा टाकून ओळी सरकवू नका.