केएसपी: बूस्टर ४० मीटरवर थांबतो अन् परत वर जातो, काऊन?

संत्रा_ऑर्बिट:
गेम कर्बल स्पेस प्रोग्राम, पहिलाच भाग, सोबत केओएस मॉड (स्क्रिप्ट लिहून यान चालवायची जोड). खऱ्या फाल्कन ९ रॉकेटसारखा खालचा टप्पा, म्हणजे बूस्टर, परत उतरवायचा आहे. बूस्टर रिकामा ५ टन, स्विव्हल इंजिन एक, पाय चार. स्क्रिप्ट साधी: ठरलेल्या उंचीवर फुल थ्रॉटल (इंजिनाचा पूर्ण जोर), वेग शून्य झाला की बंद. पण वेग शून्य होतो तो जमिनीच्या ४० मीटर वर! मग कधी परत वर चढतो, कधी उलटा होऊन आपटतो. आधी वरचा टप्पा कक्षेत नेत बसलं तर बूस्टर गायबच. शिवाय १८० पार्ट्सचं रॉकेट पॅडवर आलं की गेममधलं घड्याळ पिवळं पडतं, म्हणजे गेम हळू चालतो, दुपारी जास्तच. ग्राफिक्स कार्ड बदलावं का?

रेट्रोग्रेड_भाऊ:
कार्डाचं मागून बघू. आधी ४० मीटर.

उंची तू अशी काढली असणार: वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले निव्वळ मंदन. वेग सेकंदाला २०० मीटर धर. ५ टनांवर ९०० किलो इंधन, म्हणजे वजन ५.९ टन. समुद्रसपाटीला स्विव्हलचा जोर १६८ किलोन्यूटन, त्यातून २८.५ चं मंदन (मीटर प्रति सेकंद वर्ग) मिळतं. गुरुत्वाचे ९.८ वजा केले की उरले १८.७. उंची आली साधारण १०७० मीटर. गणित बरोबर आहे, पण फक्त त्या क्षणापुरतं. पुढच्या दहा सेकंदांत ७०० किलो इंधन जळतं, वजन ५.२ टनांवर येतं आणि तोच जोर ३२ चं मंदन देतो. वरून हवेचा अडथळा. मग बूस्टर लवकर थांबणार नाही तर काय?

म्हणून आकडा केओएसच्या ‘सेट’ आज्ञेने एकदाच ठरवू नको, ‘लॉक’ने बांध, म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने निघेल. थ्रॉटल = थांबायला लागणारं अंतर ÷ उरलेली उंची. हे गुणोत्तर १ ला टेकलं की इंजिन सुरू, पुढे ते आपोआप कमी होत जातं. उरलेली उंची मात्र ऑल्ट-रडार (केओएसमधली जमिनीपासूनची उंची) जशी देतं तशी घेऊ नको, ती पायांपासून मोजलेली नसते. पाय उघडून बूस्टर जमिनीवर उभा कर, रडार काय दाखवतो ते प्रिंट कर आणि तेवढं वजा कर.

उलटा होतो तो स्टिअरिंगमुळे. सरफेस रेट्रोग्रेडला (जमिनीच्या सापेक्ष वेगाच्या उलट दिशेला) लॉक असेल तर वेग शून्याजवळ आल्यावर ती दिशाच भिरभिरते, चुकून वर चढला तर थेट खाली तोंड करते. वेग ५ च्या खाली आला की स्टिअरिंग ‘अप’ला लाव. आणि एअरब्रेक्स टाकीच्या वरच्या टोकाला लाव, खाली नको. रिकाम्या बूस्टरचं वजन इंजिनाकडे असतं, अडथळा वर असला की तो सरळ पडतो.

खऱ्या फाल्कन ९ ला ही चैन नाही. त्याचं मर्लिन इंजिन एकच चालू ठेवून कमीत कमी जोरावर आणलं तरी रिकाम्या टप्प्याच्या वजनापेक्षा जोर जास्तच, त्यामुळे तरंगणं नाहीच. वेग शून्य आणि जमीन एकाच क्षणी यावी लागते. डिसेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा जमलं. गेममधलं इंजिन शून्यापर्यंत खाली येतं, म्हणून आपलं भागतं.

डेझर्ट_कूलर:
गायब होण्याचं कारण: हवेत असलेलं यान तुझ्यापासून साधारण २२.५ किमी लांब गेलं की गेम ते पुसून टाकतो. एफएमआरएस मॉड टाक. टप्पा सुटताना ते सेव्ह करून ठेवतं. वरचा भाग कक्षेत पोचव, मग मागे उडी मारून बूस्टर उतरव.

कार्डावर पैसे घालू नको. एका यानाच्या सगळ्या पार्ट्सचं भौतिकशास्त्र मुख्यतः एकाच कोअरवर चालतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे दुपारी खोलीच ३८-४० ला असते. खोली जेवढी तापते, जवळपास तेवढाच प्रोसेसर वर सरकतो. मर्यादेला टेकला की स्वतःच वेग कमी करतो. तापमान बघत खेळ. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केली की टर्बो (प्रोसेसरचा वाढीव वेग) बंद होतो. वेग थोडा जातो, पण दुपारभर एकसारखा राहतो. कूलरचा झोत कॅबिनेटवर सरळ नको: तुषार उडतात, बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बोर्डावर बसतो. आणि इंधनटाक्या, चार छोट्यांऐवजी एक मोठी.

संत्रा_ऑर्बिट:
लॉक केल्यावर उतरला! पण शेवटच्या दोन मीटरवर थ्रॉटल फडफडतो.

रेट्रोग्रेड_भाऊ:
उंची शून्याजवळ आली की भागाकार बिथरतो. भाजकाला किमान १ मीटरची मर्यादा घाल, आणि उभा वेग उणे ०.०१ च्या वर आला की थ्रॉटल शून्य. लूपमध्ये ‘वेट ०’ आहे ना? नसेल तर एकाच फिजिक्स टिकमध्ये (गेमच्या भौतिक गणिताच्या एका पावलात) तोच लूप पुन्हा पुन्हा फिरत बसतो.