ॲक्सेस : निवडलेल्या सभासदाच्याच नोंदी दुसऱ्या फॉर्ममध्ये कशा उघडाव्यात?

प्रश्न :
नमस्कार. वाचनालयाच्या देवघेवीसाठी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये डेटाबेस केला आहे. सभासदाच्या फॉर्मवरील बटण दाबताच देवघेवीचा फॉर्म त्याच सभासदाच्या, ठरावीक तारखेनंतरच्या नोंदींसह उघडावा, अशी अपेक्षा आहे. सध्या क्वेरीतच (नोंदी निवडून देणाऱ्या जतन केलेल्या प्रश्नात) पहिल्या फॉर्मचा संदर्भ दिला असल्यामुळे तो बंद असताना दुसरा उघडला, की ॲक्सेस मूल्य विचारत बसते. कोडमधून निकष पाठवण्याची खात्रीची पद्धत कृपया सुचवावी.

प्रतिसाद १ :
क्वेरीतील संदर्भ काढून टाकावा आणि ‘डूसीएमडी.ओपनफॉर्म’ या फॉर्म उघडणाऱ्या आज्ञेतील ‘व्हेअरकंडिशन’ या आर्ग्युमेंटमध्ये (आज्ञेला पुरवायच्या मूल्यात) निकष द्यावा. त्याचे स्थान चौथे आहे. तिसरे ‘फिल्टरनेम’चे असून तिथे क्वेरीचे नाव लागते, त्यामुळे स्वल्पविराम मोजत बसण्यापेक्षा आर्ग्युमेंटचे नाव लिहूनच मूल्य दिलेले बरे. निकष एसक्यूएलच्या (डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेच्या) व्हेअर कलमासारखाच लिहावा, मात्र ‘व्हेअर’ हा शब्द वगळावा. सभासद क्रमांकाचा रकाना अंकांचा असेल तर मूल्य तसेच जोडावे; मजकुराचा असेल तर अवतरणचिन्हांत.

खरी डोकेदुखी तारखेची आहे. ती हॅश (#) चिन्हांत द्यावी लागते आणि संगणकाची मांडणी भारतीय असली तरी तिथे महिना आधी वाचला जातो. 05/04/2024 म्हणजे आपल्याला 5 एप्रिल, ॲक्सेसला मात्र 4 मे; उलट 25/04/2024 बिनचूक वाचली जाते, कारण पंचविसावा महिनाच नसतो. म्हणून चाचणी महिन्याच्या उत्तरार्धात केली तर चूक ध्यानातही येत नाही. ‘फॉरमॅट’ फंक्शनने वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख जोडावी, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे, तारखेचा घोळ याच कारणाने होत होता. वापरणाऱ्याने फिल्टर काढला तर इतरांच्या नोंदी दिसतील का?

प्रतिसाद २ :
दिसतील. व्हेअरकंडिशन हा त्या फॉर्मचा फिल्टरच होतो आणि तो खालच्या पट्टीवरून कोणालाही हटवता येतो. हे टाळायचे असल्यास सभासद क्रमांक त्याच आज्ञेच्या ‘ओपनआर्ग्ज’ या आर्ग्युमेंटमधून पाठवून, फॉर्मच्या ‘ओपन’ इव्हेंटमध्ये (फॉर्म उघडताना चालणाऱ्या कोडमध्ये) ‘रेकॉर्डसोर्स’च, म्हणजे फॉर्मच्या नोंदींचा स्रोतच, त्या क्रमांकापुरता मर्यादित करावा. मात्र फॉर्म आधीपासून उघडा असेल तर तो इव्हेंट पुन्हा घडत नाही, म्हणून आधी फॉर्म बंद करण्याची आज्ञा द्यावी. शिवाय फिल्टर लावला म्हणून नव्या नोंदीत सभासद क्रमांक आपोआप भरला जात नाही. त्यासाठी ‘डिफॉल्टव्हॅल्यू’ (नव्या नोंदीत आपोआप येणारे मूल्य) वेगळी द्यावी लागते.