आदल्या रात्री घरात मृत्यू, सकाळी पेपर: विद्यापीठाने नेमकं काय करावं?

मूळ पोस्ट: पालक, बाणेर

इंग्लंडमधल्या विद्यापीठांत मुलावर अचानक संकट कोसळलं, म्हणजे घरात कोणी गेलं, अपघात झाला, गंभीर आजारपण आलं, तर एक फॉर्म भरायचा. मुदत वाढते, परीक्षा पुढे जाते. आपल्याकडे रात्री बाप गेला तरी पोराने सकाळी हॉलमध्ये जाऊन बसायचं, नाहीतर वर्ष वाया. पुणे विद्यापीठाने अशा मुलांना आधीच्या सत्रांच्या सरासरीने गुण द्यावेत आणि पुढे पाठवावं. एवढ्या माणुसकीसाठी कोणाची परवानगी लागते?

उत्तर: माजी परीक्षा अधिकारी, संलग्न कॉलेज

तुमची कळकळ पोचली. पण अशा पोस्टी वाचून मुलं भलत्याच दारात अर्ज घेऊन उभी राहतात आणि खऱ्या दाराची मुदत तोवर संपलेली असते, म्हणून सविस्तर लिहितोय.

इंग्लंडमध्ये सरासरीने गुण वाटतात हा समज आधी काढून टाका. अर्ज मंजूर झाला तरी परीक्षक गुणांना हात लावत नाही. मिळते ती संधी. असाइनमेंटला मुदत वाढते, उशिराचा दंड माफ होतो (बऱ्याच ठिकाणी तो दिवसाला ५ गुण असतो) किंवा पेपर पुढच्या फेरीत पहिला प्रयत्न म्हणून देता येतो. आणि अनेक विद्यापीठांत नियम असा, की पेपरला बसलात म्हणजे मी परीक्षेला सक्षम आहे असं तुम्हीच जाहीर केलंत. पेपर वाईट गेला म्हणून नंतर अर्ज केला तर तो बहुधा फेटाळतात.

आता आपलं बघा. थिअरीचा पेपर विद्यापीठाचा. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, तिन्ही जिल्ह्यांत एकच पेपर, एकाच वेळी. तो पुढे ढकलणं प्राचार्यांच्या हातात नाही, त्यामुळे त्यांच्या केबिनबाहेर रडून उपयोग नाही. पण अंतर्गत परीक्षा आणि प्रॅक्टिकल कॉलेजच्या हातात असतं, आणि नेमकं तेच कोणी मागत नाही! प्रॅक्टिकल बॅचेसमध्ये चालते. बाहेरचे परीक्षक कॉलेजात आहेत तोवर विभागप्रमुख बॅच बदलून देऊ शकतात. शेवटची बॅच संपून गुण ऑनलाइन भरले गेले की विषय बंद. अंतर्गत चाचणीचंही तेच: गुण भरायची लिंक उघडी आहे तोवर री-टेस्ट घेता येते.

घोटाळा होतो तो दिवसांचा. घरात कोणी गेलं की कुटुंब गावी जातं, मुलगा तेरावं उरकून परत येतो, तोवर बॅचेस संपलेल्या असतात. म्हणून पहिल्या दोन दिवसांत मित्राने किंवा चुलत भावाने अर्ज नेऊन द्यावा. विद्यार्थ्याचं नाव, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), वर्ग, विषय, चुकलेली तारीख आणि नेमकी मागणी, एवढं पुरे. पुरावा नंतर जोडतो असं त्यात लिहा. आणि कॉलेजच्या मेलवरही पाठवा, म्हणजे तारीख राहते.

आणि वर्ष वाया जात नाही. एक-दोन पेपर राहिले तर एटीकेटी आहे, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाता येतं आणि ते पेपर पुढच्या सत्रात द्यायचे.

उत्तर: विद्यार्थी प्रतिनिधी, शेवटचं वर्ष, इंजिनिअरिंग

सर, "एटीकेटी आहे" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. प्लेसमेंटच्या फॉर्मवर काय असतं ते बघा: ६० टक्के आणि लाइव्ह बॅकलॉग, म्हणजे अजून न सुटलेला विषय, नाही. कंपन्या यायला लागतात जुलै-ऑगस्टमध्ये. उन्हाळी सत्रात पेपर चुकला तर तो द्यायचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, निकाल त्याच्याही नंतर. म्हणजे त्या मुलाचं वर्ष कागदावर वाचलं, पण अख्खा सीझन गेला. वडिलांच्या अंत्यविधीला गेलेला आणि अभ्यास न केलेला, दोघांच्या नावापुढे बॅकलॉगच.

तुम्हीच लिहिलंत, इंग्लंडमध्ये तो "पहिला प्रयत्न" धरतात. तिथे नापास होऊन पुन्हा बसलेल्याचे गुण बहुतेक ठिकाणी पास होण्यापुरतेच, पदवीला ४० वर, अडवतात. संकटात असलेल्याचे अडवत नाहीत. दोघांत फरक केलेला आहे. आपल्याकडे तो फरक कागदावर कुठेच नाही, माझी तक्रार तेवढीच आहे. गुण नकोत, निकालानंतर महिन्याभरात पेपर घ्या. स्वायत्त कॉलेजं स्वतःचे पेपर स्वतः काढतात, त्यांना हे जमण्यासारखं आहे. मग संलग्न कॉलेजातल्या मुलाने काय पाप केलं?

उत्तर: प्राध्यापिका, विज्ञान शाखा

मागणी चांगली आहे, पण अंमलबजावणी कोण करणार? ५० गुणांच्या पेपरात १५ अंतर्गत असतात. त्या १५ साठी री-टेस्ट जाहीर केली की खऱ्या अडचणीतल्या तीन मुलांबरोबर इतर तीस येतात, आणि प्रत्येकाच्या हातात मेडिकल सर्टिफिकेट. ते कसं मिळतं हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. खरं-खोटं मी कसं ठरवू? आणि ठरवलं तर पालक येऊन भांडतात.

उत्तर: डॉक्टर, सिंहगड रोड

मॅडम, सर्टिफिकेट विकत मिळतात म्हणून खरोखर आजारी असलेल्या मुलालाही संशयित ठरवायचं, हे मला अजिबात मान्य नाही. तपासायला शिका, अवघड नाही.

तपासणीची तारीख आणि सर्टिफिकेट दिल्याची तारीख, दोन्ही बघा. मुलगा २० तारखेला येऊन "१२ ला ताप होता" म्हणाला तर प्रामाणिक डॉक्टर "रुग्णाच्या सांगण्यानुसार" एवढंच लिहू शकतो. त्या सर्टिफिकेटचं वजन तेवढंच धरा. विश्रांती कधीपासून कधीपर्यंत ते बघा, नुसतं "आजारी होता" चालत नाही. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीशी ताडता येतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे प्रत्येक डॉक्टरने दिलेल्या सर्टिफिकेटांचं रजिस्टर ठेवायचं असतं. रुग्णाची ओळखखूण आणि सही किंवा अंगठा घेऊन प्रत जपायची असते. शंका आली तर कॉलेजने रजिस्टरमधल्या नोंदीबद्दल लेखी विचारावं. खोटं सर्टिफिकेट देणं हे गैरवर्तन आहे, त्यावर डॉक्टरवर कारवाई होऊ शकते. एकदा विचारून बघा, त्या दवाखान्यातून पुन्हा तसला कागद येणार नाही.

शिवाय सर्टिफिकेटपेक्षा भक्कम कागद असतात. पावसाळ्यानंतर पुण्यात डेंग्यू असतोच आणि हिवाळी सत्र त्याच्याच पाठोपाठ येतं. डेंग्यूच्या एनएस-१ तपासणीच्या रिपोर्टवर लॅबने नमुना घेतल्याची तारीख-वेळ असते. अ‍ॅडमिट असेल तर डिस्चार्ज कार्ड असतं. हे मागा की!

उत्तर: प्राध्यापिका, विज्ञान शाखा

रजिस्टरचं माहीत नव्हतं, ते उपयोगी आहे. पण चाळीस दवाखान्यांशी पत्रव्यवहार कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

उत्तर: सीएचबी प्राध्यापक

याचं उत्तर आम्हालाच माहीत आहे. तासिका तत्त्वावरचा, म्हणजे सीएचबी माणूस करणार! मानधन घेतलेल्या तासाचं मिळतं. री-टेस्टचा पेपर काढणं, सुपरव्हिजन, तपासणं, गुण भरणं, यातलं कशाचं मानधन मिळतं? कायम जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवायच्या आणि माणुसकीच्या नव्या योजना आमच्या डोक्यावर टाकायच्या. आधी पदं भरा, मग इंग्लंडच्या गप्पा मारा.

उत्तर: विद्यार्थी प्रतिनिधी

तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, पण त्याची शिक्षा वडील गेलेल्या मुलाला का?

उत्तर: सीएचबी प्राध्यापक

शिक्षा मी देत नाहीये. फुकटात काम मागू नका, एवढंच म्हणतोय.

उत्तर: समुपदेशक, डेक्कन

सर्टिफिकेटवर इतकं भांडताय, पण ते कोणाच्या हातात पडतं हे कोणी बोललंच नाही. नैराश्याचे उपचार चालू असलेली मुलगी मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र आणते. ते क्लर्कच्या टेबलावर उघडं पडतं, तिथून वर्गशिक्षकाकडे, तिथून स्टाफरूममध्ये. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वर्गाला कळतं. म्हणून या मुली अर्जच करत नाहीत, आणि मग आपण म्हणतो की खऱ्या केसेस कमीच असतात. ब्रिटनमध्ये बऱ्याच विद्यापीठांत कागद एक छोटी समिती बघते, विषयाच्या शिक्षकाला फक्त निर्णय कळतो. हे करायला एक रुपया लागत नाही. बंद पाकीट, एक ठरलेली व्यक्ती, आणि विभागाला "मान्य" किंवा "अमान्य" एवढंच. विभागप्रमुखांनी कारणासकट नावं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं आजच्या आज थांबलं पाहिजे.

उत्तर: डॉक्टर, सिंहगड रोड

याला माझा पूर्ण पाठिंबा. कॉलेजच्या कागदावर आजाराचं नाव लागतच नाही, "या काळात परीक्षेस असमर्थ" एवढं पुरतं. विद्यार्थ्यांनी डॉक्टरला तसं स्पष्ट सांगावं.

उत्तर: पालक, बाणेर

सरासरीचा हट्ट सोडतो, मला वाटलं होतं तसं तिथेही नाही हे पटलं. पण मृत्यूचा पुरावा दोन दिवसांत कुठून आणायचा? दाखला मिळायला वेळ लागतो.

उत्तर: माजी परीक्षा अधिकारी

मृत्यूची नोंद करायलाच कायद्याने २१ दिवस दिलेत, म्हणून दाखल्याची वाट बघू नका. हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला तर डॉक्टर फॉर्म ४ देतात, घरी झाला तर ४-अ. तो अंत्यविधीच्या वेळी द्यावा लागतो, म्हणून आधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वैकुंठ स्मशानभूमीतली पावती चालावी, गावी झालं असेल तर ग्रामपंचायतीचं पत्र. हेही न स्वीकारणारं कॉलेज असेल तर नाकारल्याचं लेखी मागा.

बॅकलॉगबद्दल विद्यार्थी प्रतिनिधींचं म्हणणं मला मान्य करावं लागतंय. महिन्याभरात पेपर मात्र मला अजून शक्य वाटत नाही. दुसरा प्रश्नसंच, मॉडरेशन, केंद्र, तपासणी, आणि हे सगळं शेकडो विषयांचं.

उत्तर: वकील, शिवाजीनगर

लेखी नकार का हवा ते सांगते. यूजीसीच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. पण त्यासाठी हातात कागद लागतो. अर्जाच्या दोन प्रती काढा, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तोंडी "बघतो" याला काही अर्थ नाही. ही समिती थिअरीचा पेपर पुन्हा घेऊन देईल अशी आशा मात्र ठेवू नका. अंतर्गत गुण, प्रॅक्टिकल आणि हजेरी, यांसाठी तिचा उपयोग करा.

उत्तर: विद्यार्थी प्रतिनिधी

मॅडम, समितीचे १५ दिवस होईपर्यंत गुण भरायची लिंक बंद झालेली असते.

उत्तर: वकील, शिवाजीनगर

हो, ही अडचण खरी आहे. म्हणून तक्रारीतच लिहायचं की निर्णय होईपर्यंत या विद्यार्थ्याचे गुण "गैरहजर" म्हणून भरू नयेत, आणि त्याची प्रत त्याच दिवशी परीक्षा विभागाला द्यायची.

उत्तर: पालक, बाणेर

आणि आदल्या रात्री असं झालंच, तर थिअरीला बसावं की नाही?

उत्तर: माजी परीक्षा अधिकारी

आपल्याकडे नापास आणि गैरहजर, दोघांनाही तोच पेपर पुढच्या सत्रात द्यायचा असतो. त्यामुळे बसून काही गमावत नाही, असं बहुतेक शिक्षक सांगतात.

उत्तर: समुपदेशक, डेक्कन

हे सरसकट सांगू नका. जेमतेम सुटलेला पेपर त्याच गुणांनी गुणपत्रिकेवर राहतो. पुढच्या प्रवेशाला टक्के लागणार असतील तर तो कायमचा नडतो. शिवाय आईला पोचवून आलेल्या मुलाला तीन तास बाकावर बसवण्याची किंमत गुणांत मोजता येत नाही. त्याला घरी राहायचं असेल तर राहू द्या.

उत्तर: विद्यार्थी प्रतिनिधी

आणि घरी राहिला की लाइव्ह बॅकलॉग. वेगळी परीक्षा नसेल तर निदान गुणपत्रिकेवर "मान्य कारणाने अनुपस्थित" असा वेगळा शेरा तरी द्या. त्याला ना दुसरा प्रश्नसंच लागतो, ना सुपरव्हिजन, ना मॉडरेशन. सर, यात काय अशक्य आहे तेवढं सांगा.

उत्तर: माजी परीक्षा अधिकारी

शेरा अशक्य नाही. तो ठराव परीक्षा व मूल्यमापन मंडळापुढे न्यावा लागेल. विद्यार्थी संघटनेच्या लेटरहेडवर नेऊ नका, दोन-तीन प्राचार्यांच्या सहीने न्या. मसुदा लिहायला मी मदत करतो.