मदत हवी आहे : नाटकासाठी गावच्या लोहाराकडून तलवार घडवून घ्यायची आहे

नमस्कार मंडळी,

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका लहान गावातून लिहितोय. आमचा भाग झाडीपट्टीचा. भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि रात्रभर नाटक चालतं. आमच्या मंडळाच्या ऐतिहासिक नाटकात मी सरदाराचं काम करतो.

मागच्या मंडईत लढाईच्या प्रवेशात तिसऱ्याच वाराला माझ्या तलवारीचं पातं मुठीतून निसटलं आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या पोरांच्या समोर जाऊन पडलं. कोणाला लागलं नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मूठ फोडून पाहिली. मुठीत जाणारी पात्याची शेपटी नव्हतीच! पेन्सिलीएवढी सळई पात्याला वेल्डिंग करून लोखंडी नट लावून आवळली होती. शोभेची तलवार भिंतीवर टांगायलाच असते, ती खेळायला नेली ही आमची चूक.

आता गावच्या लोहारबाबांकडूनच बनवून घ्यायचं ठरवलंय. सत्तरी ओलांडलेला माणूस. वखराची पास, विळे, कुऱ्हाडी यांत त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नाही, पण तलवार कधी केलेली नाही. मी विचारलं तर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बाबू, कुऱ्हाड लाकडाले लागते, तलवार तलवारीले लागन. पाणी जास्त झालं त काचेवानी मोडन, कमी झालं त वाकन." पाणी म्हणजे तापलेलं पातं एकदम थंड करून त्याला कडकपणा देणं. एवढं समजणाऱ्या माणसावर माझा भरवसा आहे. काम त्यांनाच द्यायचं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

घाट म्हणाल तर, राज्य सरकारनं २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत आणलेली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार डोळ्यांसमोर आहे. सरळ, एकधारी फिरंगी, म्हणजे युरोपी बनावटीचं, पातं. सोन्याचं काम वगैरे नको, फक्त तो सरळ बाणा हवा. पातं ३० इंच, धार अजिबात नको, वजन किलो-सव्वा किलो.

माझे प्रश्न :

ट्रकच्या कमानीचा (स्प्रिंगचा) जुना पाटा बाबांकडे पडून आहे, तो चालेल का? त्यांची भट्टी वितभर लोखंड तापवणारी, ३० इंचांना सारखं पाणी कसं द्यायचं? मूठ ते लाखेनं बसवायची म्हणतात. लाख आमच्याकडे पळसावर, कुसुमावर होतेच, पण नाटकातल्या माराला ती पुरेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, यातून म्हातारपणी बाबांच्या मागे कायद्याचं काही लागू नये.

प्रतिसाद

दादा, आधी शेवटचा प्रश्न. घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रं शस्त्र नियम २०१६ च्या यादीत आहेत, आणि शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ बनवणाऱ्यालाही लागू होतं. धार नाही म्हणून आपणच सुटलो असं धरून चालू नका. मंडळाच्या नावानं, मापं आणि कारण लिहून ठाण्यात अर्ज द्या, लेखी उत्तर घ्या, मगच भट्टी पेटवा. जमावबंदीच्या काळात तलवार रस्त्यानं मिरवतही नेऊ नका.

जुना पाटा नको. वर्षानुवर्षं हादरे खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, त्या पाणी देताना उघडतात. नवा कोरा पाटा घ्या.

भट्टीसाठी अंगणात पात्याहून लांब चर खणा, तळाला भोकं पाडलेला लोखंडी पाइप टाका, त्याला ब्लोअर लावा, वर लाकडी कोळसा. पातं सगळीकडे सारखं लाल झालं आणि लोहचुंबक चिकटेनासं झालं की अजून थोडं तापवा. मग साध्या पाण्यात बुडवू नका, कमानीचं पोलाद पाण्यात तडकतं. उभा पाइप गाडून त्यात तेल भरा आणि पातं टोकाकडून सरळ खाली सोडा. तिरपं गेलं तर वाकतं. नंतर घासून उजळ करा आणि निळी झाक येईपर्यंत हळूहळू परत तापवा. हे चुकवलं तर बाबा म्हणतात तसंच होईल, काचेसारखं.

शेपटी पात्याच्याच पोलादातून ओढलेली हवी, रुंद, मुठीच्या टोकापर्यंत जाणारी. वेल्डिंग कुठेच नको. जुन्या तलवारींच्या मुठी लाखेवरच बसवलेल्या असत, पण उन्हात तापलेली लाख मऊ पडते. लाख भराच, शिवाय आरपार दोन रिबिटा मारा. बोथट कड दोन मिलिमीटर तरी जाड ठेवा, टोक गोल.

धागाकर्ता

मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. चराची कल्पना त्यांना फार आवडली, त्यांनी जागासुद्धा पाहून ठेवली. सोमवारी अर्ज घेऊन ठाण्यात जातोय, उत्तर आल्याशिवाय पाटा आणणार नाही. एकच राहिलं. लाखेत विटेची भुकटी घालायची असं बाबा म्हणतात. कोणी मूठ भरली असेल तर प्रमाण सांगाल का?