बॅन्डमध्ये स्वतःचाच बेस ऐकू येत नाही, मोठा अ‍ॅम्प घ्यायचा का?

चौथी_तार:
नमस्कार मंडळी, मूळचा मी गिटारवाला. आमच्यात गिटारवाले तीन झाले आणि बेसला कोणी नव्हतं म्हणून माझी बदली झाली, आता खरं सांगायचं तर परत जायची इच्छाच नाही. जाझ बेसच्या धर्तीचा चार तारांचा पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला) बेस आहे, ४० वॉटचा कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच डब्यात, स्पीकर १० इंची. घरी आवाज कसला भारी येतो, एकदम भरदार. पण प्रॅक्टिसला ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्या की मी वाजवतोय का नुसता उभा आहे तेच समजत नाही. व्हॉल्यूम वाढवला तर स्पीकर फडफडतो आणि बाकीचे म्हणतात सगळं गढूळ व्हायला लागलं, म्हणजे त्यांना गढूळ ऐकू येतंय आणि मला काहीच नाही, हे कसं काय?

५०० वॉटचं हेड (स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) बघून ठेवलंय, घ्यावं का? शिवाय पुढे एक कार्यक्रम आहे, आमच्यासकट तीन बॅन्ड, बेस अ‍ॅम्प एकच आणि तो दुसऱ्या बॅन्डच्या बेसिस्टचा, ज्याला मी ओळखतही नाही. अशा वेळी काय रीत असते? आणि जाता जाता, आमचा गिटारवाला म्हणतो बोटांऐवजी पिकने (प्लास्टिकच्या पातीने) वाजवणारा तो खरा बेसिस्टच नव्हे. मला तर पिकचीच सवय, सोडून देऊ का?

मंद्रसप्तक:
पैसे खिशातच ठेवा सध्या. तुमचा अ‍ॅम्प न बघता सांगतो, बेसचा नॉब वर, ट्रेबल वर आणि मिड खाली, बरोबर? एकट्याने वाजवताना तो आवाज फार गोड लागतो आणि बॅन्डमध्ये तोच सगळ्यात आधी गायब होतो. खालच्या मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा, छोट्या कॉम्बोला तो धड काढताच येत नाही, आणि काढायच्या खटपटीत सगळी ताकद तिथेच संपते, ती फडफड त्याचीच. तिथे खाली किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आधीच ठाण मांडून बसलाय, वर गिटार आणि झांजा. तुम्हाला मोकळी जागा उरते ती मधे, साधारण २०० ते ८०० हर्ट्झ. कान खर्जातला सूर ओळखतो तो बराचसा त्याच्या वरच्या हार्मोनिक्सवरून, ४१ चा ई असेल तर ८२, १२३ असे, त्यामुळे मूळ सूर थोडा कमी पडला तरी बिघडत नाही. सगळे नॉब मधोमध आणा, मग बेस जरा उतरवा, लो मिड जरा चढवा. घरी हा आवाज ऐकून नाक मुरडाल, खुशाल मुरडा, पण प्रॅक्टिसला हात लावू नका.

बेसवरचे दोन्ही पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक) फुल ठेवता का? जाझ बेसला दोन्ही फुल असले की हम (विजेची घूं घूं) जातो खरा पण मधल्या भागात खड्डा पडतो. एक किंचित कमी करून बघा, मागचा कमी केलात तर आवाज जाड होतो, पुढचा कमी केलात तर सूर सुटा सुटा कळतो. थोडा हम परत येईल, पण ड्रम वाजत असताना तो कोणाला ऐकू येणार आहे.

आणि अ‍ॅम्प ठेवता कुठे? जमिनीवर पायाशी असेल तर तो पोटऱ्यांना ऐकू येतो, कानांना नाही. खुर्चीवर चढवा नाहीतर मागे कलता ठेवा. कोपऱ्यात असेल तर बाहेर काढा, तिथे खर्ज उगाच फुगतो. ४१ हर्ट्झची लहर आठ मीटरहून लांब असते, बंद खोलीत एका जागी ती डोक्यात घुमेल आणि दोन पावलं सरकलात की जवळपास नाहीशी होईल. त्यांना गढूळ आणि तुम्हाला काहीच नाही याचं कारण बहुतेक हेच.

ओहम_शांती:
इक्यूबद्दल (बेस, मिड, ट्रेबलच्या नॉबांबद्दल) वरच्यांना +१, खिशाबद्दल नाही. ड्रमर जोरात वाजवणारा असेल तर ४० वॉट पुरत नाहीत हो, नॉब कसेही फिरवा. गिटारच्या ३० वॉटच्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पशी तुलना करून लोक फसतात, खर्ज तेवढाच मोठा वाटायला कितीतरी जास्त ताकद लागते. पण ५०० च्या आकड्यालाही भुलू नका. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने, आणि कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल म्हणजे दहापट वॉट लागतात. म्हणून हेडच्या आधी कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी (कॅब), बघा. तेवढ्याच वॉटमध्ये एक कॅब दुसऱ्यापेक्षा सहज ३-४ डेसिबल जास्त देतो, तो आकडा माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी म्हणून दिलेला असतो आणि कोणी वाचत नाही. २००-३०० वॉट आणि दोन १० इंची स्पीकरचा बरा कॅब, प्रॅक्टिसला बास.

आता माझा आवडता विषय, ओहम, म्हणजे कॅबचा विजेला होणारा अडथळा. ८ ओहमचे दोन कॅब समांतर जोडले की ४ होतात, ४ चे दोन जोडले की २. बऱ्याच हेडवर किमान ४ लिहिलेलं असतं, त्याच्या खाली गेलात की हेड तापून बंद पडतं, कधी कायमचं. हेडपासून कॅबपर्यंत स्पीकर केबलच लावायची, गिटारची केबल बाहेरून तशीच दिसते पण आतली तार बारीक असते. आणि ऐनवेळी गिटारच्या अ‍ॅम्पमधून बेस मोठ्याने वाजवायचा मोह टाळा, त्याचे स्पीकर एवढ्या खर्जाच्या हालचालीसाठी बनलेले नसतात. अ‍ॅम्प तुमचा असेल तर तुमची मर्जी, दुसऱ्याचा असेल तर अ‍ॅम्प आणि मैत्री दोन्ही जातं.

काठीवाला:
मी ड्रमर, आगंतुकच आहे इथे. पण दोन्ही साहेबांनी गिटारवाल्यांना मोकळं सोडलं म्हणून लिहितोय. दोन गिटारवाले घरी एकेकटे बसून खर्ज भरभरून आवाज बनवतात आणि तोच घेऊन प्रॅक्टिसला येतात, मग बेसला जागा कुठून राहणार. त्यांना बेसचा नॉब चांगला खाली घ्यायला सांगा, ऐकायचे नाहीत, तर एकच गाणं दोन्ही पद्धतीने मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवा, वाद तिथेच मिटतो. व्हॉल्यूम वाढवण्यात मात्र चढाओढ करू नका, तुम्ही वाढवला की ते वाढवणार, मग मी जोरात मारणार आणि शेवटी सगळ्यांचे कान वाजणार. कानात प्लग घालत जा, प्लग घातल्यावर उलट बेस जास्त स्पष्ट कळतो असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

उभे राहा माझ्या हायहॅटच्या (पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या) बाजूला, माझा उजवा पाय दिसेल असे. आणि दोन गाण्यांच्या मधे कृपा करून शांत राहा, मी गायिकेशी काहीतरी ठरवत असतो आणि मागून बेसवाला स्लॅप सुरू करतो, डोकं फिरतं राव. ट्यूनिंगसुद्धा ट्यूनर पेडल म्यूट करून. न वाजणाऱ्या तारांवर हात ठेवायची सवय लावा, मोकळी ए तार मागे गुणगुणत राहिली की गढूळपणा वाढतो आणि शिव्या किकला बसतात.

चौथी_तार:
मंद्रसप्तक, मिड अगदी तळाशी होता, तुम्हाला कसं कळलं! खुर्ची आणि लो मिड दोन्ही केलं, फरक चांगलाच आहे, पहिल्यांदा गिटारवाल्याने मागे वळून बघितलं. ड्रमरने जोरात मारलं की माझा आवाज अजूनही बुडतो, त्यामुळे ओहम_शांती यांचं पण खरं दिसतंय. कॅब शोधतो. आता त्या कार्यक्रमातल्या अ‍ॅम्पचं कोणीतरी सांगा.

डीआय_डबा:
अ‍ॅम्पच्या मालकाला आधी मेसेज करा, स्टेजवर पोचल्यावर विचारू नका, तिथे तो नाही म्हणू शकत नाही आणि रात्रभर चिडून असतो. काही जण फक्त कॅब देतात आणि हेड ज्याचं त्याने आणायचं, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. केबल, ट्यूनर, स्ट्रॅप, तारांचा जादा सेट हे मात्र आपलंच न्यायचं. त्याच्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा आणि झाल्यावर नॉब जिथल्या तिथे ठेवा. जॅक घालताना आणि काढताना मास्टर शून्यावर, तो जो धाडकन आवाज होतो त्याने मालकाच्या काळजात कळ येते. अ‍ॅम्पवर पाण्याची बाटलीसुद्धा ठेवायची नाही. मालकाचा बेस अ‍ॅक्टिव्ह असेल तर इनपुटवरचं पॅडचं (आत येणारा सिग्नल कमी करणारं) बटण दाबलेलं असेल, तुमचा पॅसिव्ह, म्हणजे ते सोडावं लागेल, तेही विचारून.

मोठ्या जागी प्रेक्षकांपर्यंत जाणारा आवाज डीआयमधून (बेसचा सिग्नल मिक्सरला देणाऱ्या डब्यातून) मिक्सरला जातो, स्टेजवरचा अ‍ॅम्प मुख्यतः तुमच्यासाठी. साउंडवाला इक्यूच्या आधीचा सिग्नल मागेल तर द्या, वाद घालू नका. साउंडचेकला आपल्या गाण्यातलाच भाग वाजवा, तोही सगळ्यात जोराचा, तिथे हात राखून वाजवून नंतर चढलात तर त्याची पंचाईत होते. वाजवून झालं की बेस आणि पेडल उचलून थेट खाली उतरा, केबल गुंडाळणं आणि गप्पा बाजूला जाऊन. पुढचा बॅन्ड वाट बघत असतो.

पिकचं म्हणाल तर अमेरिकन बेसिस्ट कॅरल के यांचं नाव गिटारवाल्याला सांगा. त्याही मूळच्या गिटारवाल्याच, १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसिस्ट आला नाही म्हणून त्यांच्या हातात बेस आला आणि पुढे त्यांनी पिकनेच ढीगभर रेकॉर्डिंग केली. उलट दुसरे नावाजलेले अमेरिकन बेसिस्ट जेम्स जेमर्सन हे एकाच बोटाने वाजवायचे आणि तार तुटेपर्यंत बदलायचे नाहीत. मग यातला खोटा बेसिस्ट कोणता ते त्यालाच ठरवू दे. बोटांची सवय मात्र करा, हळू गाण्यांना बरी पडते.

चौथी_तार:
मालकाला मेसेज केला, भला माणूस निघाला. म्हणाला कॅब वापर, हेड तुझं आण. हेड माझ्याकडे नाही पण एक मित्र द्यायला तयार आहे.

ओहम_शांती:
कॅब किती ओहमचा ते विचारलंत का? आणि मित्राच्या हेडच्या मागे किमान किती लिहिलंय त्याचा फोटो टाका इथे. हेड व्हॉल्व्हचं असेल तर तेही सांगा, ते कॅब न जोडता चुकूनही चालू करायचं नसतं.