झोपेची वेळ आणि बीपीचा आकडा : जाणकारांनी नेमकं लिहा

बीपीच्या पेशंटला "नीट झोपत जा" एवढं सांगून भागत नाही. रोज या कामात असणाऱ्यांनी काय करायचं, कुठे चुकतं ते लिहावं.

ओपीडीतून : गाढ झोपेत बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरतं. झोप मोडत राहिली की हा उतार मिळत नाही. आधी उठण्याची वेळ पक्की करा. झोप कधी लागेल ते हातात नसतं, उठणं असतं. सहा म्हणजे सहा, रविवारीही. दुपारची डुलकी २० मिनिटं, तीनच्या आत. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नको.

घरी बीपी मोजायला शिकवते, म्हणून सविस्तर : सकाळी उठल्यापासून तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळी घेण्याआधी मोजा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर. मांडी घालून नाही. पाच मिनिटं गप्प बसा. कफ (मशीनचा दंडाला गुंडाळायचा पट्टा) उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. हाताखाली उशी घेऊन दंड छातीच्या पातळीला. दोन रीडिंग, मध्ये एक मिनिट. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा तसंच. सात दिवस मोजून पहिला दिवस सोडा आणि बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर वही डॉक्टरांना दाखवा. आकड्याशेजारी 'झोपलो ११.१५, उठलो ५.५०' असा रकाना हवाच. जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा फुगतो. आणि कृपा करून जागरणानंतर दहा-दहा वेळा मोजू नका, धास्तीनेही बीपी चढतं.

औषधांच्या काउंटरवरून : पाणी काढणारी गोळी रात्री घेतली की लघवीला दोनतीनदा उठावं लागतं, झोपेचं खोबरं होतं. वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारून. बाकी गोळ्या सकाळी की रात्री? ब्रिटनमधल्या 'टाइम' चाचणीत (२०२२) हार्ट अटॅक, स्ट्रोकच्या बाबतीत फरक दिसला नाही. रोज एकच वेळ पाळा. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या बीपी वाढवतात, झोपही उडवतात.

स्लीप लॅबमधून : मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबून दचकणं, सकाळी डोकं जड आणि तीन गोळ्यांनीही बीपी न उतरणं, हे एकत्र असेल तर स्लीप स्टडी (झोपेत श्वास वगैरे मोजणारी तपासणी) करा. घोरणं, श्वास थांबणं झोपणाऱ्याला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. झोपेची गोळी स्वतःहून घेऊ नका; काही गोळ्यांनी श्वास आणखी अडतो.

कारखान्याच्या दवाखान्यातून, रात्रपाळीवाल्यांसाठी : दुपारी तीनला उठत असाल तर तेच तुमचं 'सकाळचं' रीडिंग. वहीत पाळीही लिहा.