मदत हवी आहे : सौरज्वालांच्या आलेखात घातांक १.८ येतो, मग करोना तापतो कशाने?

शोधयात्री : सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस आणि त्यावरचा करोना, म्हणजे सूर्याचे विरळ बाह्य वातावरण, दहा लाख अंशांहून अधिक तप्त, याचे कारण खगोलभौतिकशास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी १९८८ मध्ये असंख्य नॅनोफ्लेअरमध्ये, म्हणजे अतिशय लहान सौरज्वालांमध्ये, शोधले. ते खरे ठरायचे तर ज्वालांच्या वितरणाचा घातांक (ज्वाला लहान होत जाताना त्यांची संख्या किती वेगाने वाढते याचे माप) २ पेक्षा जास्त हवा, तरच लहान ज्वालांची एकूण ऊर्जा मोठ्यांपेक्षा जास्त भरते; माझा १.८ येतो. पार्कर यांचे म्हणणे चुकीचे होते, असे लिहू का? अहवाल परवा द्यायचा आहे, कृपया लवकर सांगावे.

ध्रुव : प्रत्येक गटातील ज्वाला मोजल्या आहेत, की ‘एवढ्या किंवा त्याहून मोठ्या’ अशी संचित संख्या मांडली आहे? संचित आलेखात घातांक १ ने कमी दिसतो. तसे असेल तर तुमचा खरा घातांक २.८ ठरेल आणि निष्कर्षच उलटेल. शिवाय आडव्या अक्षावर ऊर्जा आहे की क्ष-किरणांची कमाल तीव्रता?

तरंग : घातांकाच्या मागे लागूच नका. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ हानेस आल्व्हेन यांनी १९४२ मध्ये भाकीत केलेले तरंग चुंबकीय रेषांवरून ऊर्जा वर नेतात. माझ्या मते करोना तेच तापवतात.

ध्रुव : तरंग आहेत, हे मान्यच आहे. पण ते सहजासहजी विरत नाहीत, आणि विरल्याशिवाय त्यांच्या ऊर्जेची उष्णता होणार कशी, याचे उत्तर आपण दिलेले नाही.

आकाशदर्शी : एक्स, म्हणजे सर्वांत तीव्र, वर्गाच्या ज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात आणि दिवस असलेल्या बाजूचा लघुलहरी रेडिओ संपर्क बिघडवतात, हेही अहवालात अवश्य यावे.

शोधयात्री : माझा प्रश्न रेडिओचा नाही. संख्या गटवार आहे, गोज या अमेरिकी हवामान उपग्रहांनी नोंदवलेली कमाल तीव्रता घेतली आहे, बी या क्षीण वर्गापासून सर्व ज्वाला धरल्या आहेत, पार्श्वभूमी (ज्वाला नसतानाही सूर्याकडून येणारे क्ष-किरण) वजा केलेली नाही. आता तरी सांगा.

ध्रुव : मग आधी पार्श्वभूमी वजा करा आणि बी वर्ग वगळा. सूर्य सक्रिय असताना पार्श्वभूमीच इतकी चढते की लहान ज्वाला तिच्यात बुडून जातात, नोंदल्याच जात नाहीत, आणि आलेख डावीकडे आडवा होऊन घातांक खाली ओढला जातो. त्यावरच्या सी वर्गापासून पुढे पुन्हा रेषा बसवा. त्यानंतरही घातांक २ च्या खाली राहिला, तर मोजलेल्या पल्ल्यात एकूण ऊर्जेचा मोठा वाटा मोठ्या ज्वालांचा आहे, एवढेच लिहिता येईल. तेही कमाल तीव्रता ऊर्जेच्या प्रमाणात धरली आहे, असे स्पष्ट नमूद करून. पार्कर यांची नॅनोफ्लेअर मोठ्या ज्वालेच्या सुमारे अब्जांशाइतकी असते, आणि तुमची रेषा तिथवर पोहोचतच नाही.